कमी दिवसांच्या बाळाची कूस

पत्राचा सारांश : मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात, एसएनसीयू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नवजात कक्षात काम करणाऱ्या एका अधिपरिचारिकेचे हे पत्र आहे. प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे त्या कमी दिवसांच्या बाळांभोवती चादरीच्या वळकट्या लावतात आणि हातपाय जवळ घेऊन त्यांना निजवतात. सकाळच्या राउंडआधी इन्चार्ज सिस्टर त्या वळकट्या काढून टाकतात. पाळीला दोघीच असतात, कधी एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला वरून ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्यावर, दोन बाळे ठेवावी लागतात आणि तयार गाद्यांची मागणी कागदावरच राहिली आहे. त्यातच घरी सोडताना "बाळाला उताणेच निजवा" असे सांगितल्यावर एका आजीने विचारले, "इथं तर पालथं टाकत होतात, मग घरी कामून नको?" त्यावर पटेल असे उत्तर देता आले नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात आहे. बाळाला निजवण्याची पद्धत हा खरोखर उपचाराचा भाग आहे की केवळ बाळाच्या आरामाचा, आणि त्यासाठी वरिष्ठांशी वाद घालावा का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग आधी घेते, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. बाळाला कसे निजवायचे हा शुश्रूषेचा गाभा आहे. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतःच हातपाय पोटाशी घेऊन, पाठ किंचित वाकवून पडते. हे वळण त्याला गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. गर्भाशयातली जागा कमी होत जाते, बाळाने पाय ताणले की भिंत त्यांना परत आत ढकलते, आणि त्याच काळात स्नायूंत ताण येऊ लागतो, आधी पायांत आणि मग हळूहळू वर खांद्यांपर्यंत व मानेपर्यंत. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाला या साऱ्यातले फारसे काही मिळालेले नसते. सपाट गादीवर ठेवले की गुरुत्वाकर्षण त्याला चपटे करते, मांड्या बेडकासारख्या दोन्हीकडे पसरतात, खांदे मागे ओढले जातात, हात डोक्याच्या बाजूंना पडतात आणि मान एका अंगाला वळून राहते. असे आठवडेच्या आठवडे गेले तर खांद्यामागचे आणि मांड्यांचे स्नायू त्याच लांबीत आखडतात, डोके दोन्ही बाजूंनी दबून लांबट होते, आणि पुढे हात समोर आणणे, हात तोंडाकडे नेणे, बसताना तोल सांभाळणे या गोष्टी बाळाला जड जातात.

याचे तात्कालिक परिणामही तुम्ही रोज मॉनिटरवर पाहत असणार. हनुवटी छातीला टेकली किंवा मान फार मागे गेली की मऊ श्वासनलिका दबते आणि ऑक्सिजनचा आकडा खाली येतो; तोच आकडा मान सरळ केल्यावर पुन्हा वर चढतो. पालथ्या स्थितीत छाती आणि पोट एका लयीत हलतात, म्हणून श्वासाच्या आधारावर असलेल्या अनेक बाळांचा ऑक्सिजन काही काळ सुधारतो. उजव्या कुशीवर जठर लवकर रिकामे होते, तर डाव्या कुशीवर दूध वर येणे कमी होते. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत पहिले तीन दिवस मेंदूतील रक्तस्रावाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. डोके एकदम एका बाजूला वळले तर मानेतील शीर दबून मेंदूतून परतणारे रक्त अडू शकते, म्हणून या काळात डोके मध्यावर आणि थोडे उंच ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याचा नेमका फायदा किती, याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. पण त्यात बाळाचे नुकसान दिसत नाही आणि काळजी मोठी आहे, म्हणून मी ती पाळण्याच्या बाजूने आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक मला वारंवार दिसले, त्याकडे हळुवारपणे लक्ष वेधते. बाळाला निजवण्याची एक योग्य स्थिती आहे, ती तुम्हाला कळली आहे आणि इतरांनी ती स्वीकारली पाहिजे, अशा सुरात तुम्ही लिहिले आहे. अशी एकच स्थिती नसते. तत्त्वे मात्र ठरलेली आहेत : हातपाय वाकलेले, खांदे पुढे, हात छातीवर किंवा तोंडाजवळ, डोके आणि धड एका रेषेत, आणि पायांना टेकायला काहीतरी. पण नाभीत नळी असलेल्या बाळाला सहसा पालथे घालत नाहीत, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याचे वेगळे असते, आणि सी-पॅपवर, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर, असलेल्याचा मुखवटा कुशीवर सरकतो. शिवाय त्या घडीला बाळ काय सांगते आहे, ते पाहावे लागते. बोटे फाकणे, पाठ धनुष्यासारखी ताणणे, सतत उचक्या व जांभया, कातडीवर जाळीदार डाग, नाडी मंदावणे, या साऱ्या 'मला हे झेपत नाही' अशा खुणा आहेत. हात तोंडाशी जाणे, बोट घट्ट धरणे, श्वास एका लयीत येणे, यावरून कळते की बाळ स्थिरावले आहे. बाळांच्या या खुणा वाचून शुश्रूषा ठरवण्याची पद्धत बोस्टनमधील मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ अल्स यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मांडली, आणि आज जगभर नवजात कक्षांत ती शिकवली जाते. तिचे सार असे आहे की वळकटी कुठे लावायची हे पुस्तकातून कळते, पण ती पुरली की नाही हे बाळाकडूनच कळते.

आता इन्चार्ज सिस्टरबद्दल. त्या वळकट्या काढतात याचा अर्थ तुम्ही 'जुन्या वळणाच्या आहेत' असा लावला आहे. तसे असेलही, पण त्यांच्या वागण्यामागे कारणे असू शकतात आणि ती तुम्ही त्यांना विचारलेली नाहीत, असे पत्रावरून वाटते. मला सुचणारी कारणे सांगते. वॉर्मरची उष्णता वरून येते. बाळाच्या अंगावर कापड आले किंवा कडेची वळकटी फार उंच झाली तर ती उष्णता बाळापर्यंत पोचत नाही. त्याहून धोक्याचा भाग तापमान मोजणाऱ्या प्रोबचा आहे. उताण्या बाळाच्या पोटावर लावलेला प्रोब त्याला पालथे केल्यावर अंगाखाली दाबला जातो, तेथील उबेमुळे यंत्राला बाळ गरमच वाटते, ते आपली उष्णता कमी करते आणि बाळ गारठते. म्हणून कूस बदलली की प्रोबही बदलायचा : पालथे असेल तर पाठीवर, कुशीवर असेल तर वरच्या अंगाला, कधीही शरीराच्या खाली नाही. काविळीसाठी दिव्याच्या प्रकाशाखाली, म्हणजे फोटोथेरपीखाली, ठेवलेल्या बाळाला उंच वळकट्यांत गुंडाळले तर प्रकाश कमी कातडीवर पडतो, त्या वेळी आधार बुटका आणि पसरट हवा. आणि एका वॉर्मरवर दोन बाळे असताना एकाची वळकटी दुसऱ्याला लागली, तर संसर्गाला वाट मिळते. ज्या परिसेविकेने असा एखादा प्रसंग पाहिला असेल, तिला राउंडआधी सारे मोकळे करावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. छाती वर-खाली होताना दिसली पाहिजे, सलाइनची जागा सुजलेली लगेच कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह असेल तर तो तुमच्याही बाळांच्या हिताचा आहे.

म्हणून वाद घालण्याऐवजी, त्यांची हरकत ज्या गोष्टीला असेल तीच आधी दुरुस्त करा. वळकटी बाळाच्या खांद्याच्या उंचीपेक्षा वर नको, चेहरा आणि छाती उघडी दिसली पाहिजे, प्रत्येक बाळाचे कापड वेगळे आणि निर्जंतुक असले पाहिजे, ओले किंवा मळलेले तत्काळ बदलले पाहिजे. हे सारे पाळून एकाच बाळाची मांडणी त्यांना दाखवा आणि त्यांच्यासमोर मॉनिटरकडे बघा. रक्त काढताना दोन्ही तळहातांनी बाळाचे हातपाय एकत्र धरून ठेवले तर त्याचे रडणे आणि नाडीची धडधड किती लवकर शांत होते, हेही त्यांना पाहू द्या. टाचेला सुई टोचताना असा आधार दिल्याने वेदना कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. डॉक्टरांकडे तक्रार करून मिळवलेला होकार तुमच्या पाळीपुरता टिकेल; इन्चार्ज सिस्टरना पटलेली गोष्ट तिन्ही पाळ्यांत टिकेल. त्यांनी कारण ऐकूनही नकार दिला आणि बाळाला त्रास होताना दिसत राहिला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांसमोर दोघींनी मिळून प्रश्न ठेवा, असे सुचवा.

तयार गाद्या नाहीत याचे तुम्हाला फार वाईट वाटते. त्या असत्या तर बरे झाले असते, पण मऊ सुती चादर आणि टॉवेल यांनी हे काम उत्तम होते. चादरीची लांब वळकटी करून ती बाळाभोवती लंबगोल ठेवावी, खालचा भाग इतका जवळ घ्यावा की बाळाचे तळवे त्याला टेकतील, कारण पाय टेकले की बाळ ताणणे थांबवते. कडा घट्ट आवळू नयेत. बाळाला हात-पाय हलवता आले पाहिजेत आणि पुन्हा आत येता आले पाहिजे. पालथे घालताना छातीपासून ओटीपोटापर्यंत एक पातळ, अरुंद घडी खाली ठेवावी. ती बाळाच्या छातीपेक्षा रुंद असली तर खांदे पुढे वळत नाहीत आणि तिचा हेतूच संपतो. गुडघे पोटाखाली, हात चेहऱ्याजवळ, आणि डोके एका वेळी उजवीकडे वळवले तर पुढच्या वेळी डावीकडे. कुशीवर असताना पाठीला वळकटी आणि पुढे हातापायांनी कवटाळायला मऊ घडी पुरते. उताणे असताना खांद्यांखाली अगदी पातळ घडी चालते, ती केवळ मान सरळ राहावी म्हणून. डोक्याखाली उशी नको. आणखी एक बारकावा सहसा सुटतो : मोठ्या मापाचा, जाड लंगोट किंवा डायपर दोन मांड्यांमध्ये पाचर मारून त्या फाकवून ठेवतो. वळकटी कितीही नीट असली तरी लंगोट चुकला की सारे बिघडते.

दोघींवर साऱ्या कक्षाचा भार असताना कूस बदलायला वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी मनुष्यबळाचा उपदेश करणार नाही. वेगळी फेरी नको. दूध देण्याची वेळ दर दोन-तीन तासांनी येतेच. लंगोट बदलणे, तापमान पाहणे, प्रोब हलवणे आणि कूस बदलणे हे त्याच वेळी, दूध देण्याआधी एकत्र करा. त्यामुळे मधला काळ बाळाला सलग झोप मिळते, आणि मेंदूच्या वाढीला ती झोप हवी असते. दर तासाला उठवून 'योग्य' स्थितीत आणलेले बाळ, थोड्या चुकलेल्या स्थितीत गाढ झोपलेल्या बाळापेक्षा बरे राहीलच असे नाही. बाळ वळवताना झटका नको. आधी स्पर्श, मग हातपाय आत घेऊन धरणे, मग हळूच वळवणे आणि वळवल्यानंतर थोडा वेळ तळहात तसेच ठेवणे. नोंदीच्या तक्त्यावर उताणे, पालथे, डावे, उजवे असा एकच रकाना वाढवला तरी पुढच्या पाळीतील सिस्टरला अंदाज बांधावा लागत नाही.

तरीही हात कमी पडतात. यावर सर्वांत मोठा उपाय कक्षाच्या दाराबाहेर बसलेला असतो. केंद्र सरकारने 2017 मध्ये कुटुंबाच्या सहभागातून नवजात शुश्रूषा करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार आईला आणि तिच्या सोबतच्या माणसाला हात धुण्यापासून बाळाला आधार देण्यापर्यंत शिकवून कक्षात सामील करून घेता येते. तुमच्या भागात ऊसतोडीवरून परतलेल्या किंवा तोडीला जाण्याच्या तयारीत असलेल्या घरांतल्या बायका प्रसूतीला येतात. अशा आईला बाळ काचेच्या पेटीत ठेवल्यावर ते आपले राहिलेच नाही, असे वाटू लागते. दोन तळहात, एक डोक्यावर आणि एक तळव्यांना, न थोपटता व न चोळता स्थिर ठेवायला तिला शिकवा. हे काम तिला तुमच्यापेक्षा चांगले जमेल, कारण तिला दुसऱ्या बाळाकडे धावायचे नसते.

आणि कांगारू मातृसेवा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे. मी याला शुश्रूषेतील सर्वांत उत्तम स्थिती मानते. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉक्टर एडगर रे यांनी इनक्युबेटर अपुरे पडत असताना हिची सुरुवात केली. अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयात जन्मलेली ही पद्धत आहे, हे तुम्ही इन्चार्ज सिस्टरना जरूर सांगा. आईच्या दोन्ही स्तनांमध्ये बाळ उभे, मान किंचित वर आणि एका बाजूला वळलेली, हात वाकलेले, मांड्या आईच्या अंगाला धरून वाकलेल्या, आणि कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली, अशी मांडणी केली की वळकटीचे बहुतेक काम आईचे शरीरच करते. शिवाय ऊब, दूध आणि श्वासाची लय मिळते, ती वेगळीच. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अशी सेवा दिली, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. त्यानंतर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसातले 8 ते 24 तास ती देण्याची शिफारस केली. चैत्र-वैशाखात मराठवाड्यातल्या कक्षात पंखेही पुरत नाहीत, तेव्हा आया घामाने हैराण होतात. तरी पातळ सुती लुगडे, पुरेसे पाणी आणि रेललेली खुर्ची असेल तर बहुतेकजणी तासन्‌तास बसतात. आई दमली तर वडील, आजी, मावशी यांपैकी कोणीही निरोगी माणूस बसू शकते.

आता त्या आजींचा प्रश्न. मला तो तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटला, कारण त्यांनी नेमकी विसंगती पकडली. त्यांना असे सांगता आले असते : "आजी, इथं पालथं टाकायचो तेव्हा त्याच्या पायाला यंत्राची वायर होती, श्वास कमी झाला की ते ओरडायचं आणि आम्ही धावायचो. घरी ते यंत्र नाही. आता त्याचा श्वास सुधारलाय, म्हणून त्याला उताणंच निजवायचं." झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पालथ्या झोपेत अधिक होतात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि पुढच्या काही वर्षांत तेथील असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कमी दिवसांच्या बाळांना हा धोका पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतो. म्हणूनच आधार कधी द्यायचा हे जितके शिकायचे, तितकेच तो कधी काढायचा हेही शिकायचे, आणि माझ्या मते आपल्या प्रशिक्षणांत दुसऱ्या गोष्टीवर फार थोडा भर असतो. बाळ स्थिर झाले, श्वासाचा आधार सुटला, गर्भारपणाचे आठवडे धरून साधारण 32 आठवड्यांचे वय ओलांडले की त्याला बहुतांश वेळ उताणे निजवायला सुरुवात करावी, वळकट्या एकेक करून कमी कराव्यात आणि घरी जाण्याच्या कितीतरी आधी त्या पूर्ण काढाव्यात. घरी सोडण्याच्या दिवशी सकाळपर्यंत बाळ पालथे ठेवून दुपारी तोंडी सल्ला दिला, तर घरचे लोक सिस्टरचे बोलणे विसरतात आणि सिस्टरचे हात करत होते तेच करतात. त्यांची चूक म्हणता येत नाही. इन्चार्ज सिस्टर वळकट्या काढतात, ते अशा मोठ्या झालेल्या बाळांच्या बाबतीत असेल तर त्यांचे बरोबर आहे, हेही तपासून पाहा.

घरी काय टाळायचे ते ठिकाणानुसार सांगावे लागते. वस्तीवर, तांड्यावर किंवा कोपीत बाळ झोळीत टाकायची सवय असते. कापडाच्या झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कमी दिवसांच्या बाळाचा श्वास कोंडू शकतो, म्हणून या बाळाला झोळी नको, सपाट आणि टणक अंथरूण हवे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी नको. त्याऐवजी उताण्या बाळाचे डोके एका झोपेत उजवीकडे, पुढच्या झोपेत डावीकडे वळवावे. दुपट्यात गुंडाळले तर छातीभोवती सैल आणि मांड्या वाकवता येतील असे; पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. चोळताना हातपाय ताणून 'मोकळे' करायचे नाहीत. चुलीचा आणि बिडीचा धूर बाळापासून लांब असावा. जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, बाळाला थोडा वेळ पालथे घालावे, त्याने मानेत आणि खांद्यांत बळ येते. डोळा लागला की लगेच उताणे करावे. या सूचना आईच्या सोबत, घरी जिच्या शब्दाला वजन आहे त्या बाईला सांगा, आणि सांगून झाल्यावर तिच्याच हातांनी बाळ निजवून घ्या. नवजात बाळासाठी घरी येणाऱ्या आशाताईंना फोन करून हेच शब्द कळवा, म्हणजे दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या जाणार नाहीत. कुटुंब तोडीला जाणार असेल तर कुठल्या तालुक्यात, कुठल्या कारखान्याला, हे विचारून कार्डावर लिहा. आणि मांड्या ताठ राहतात, मुठी सुटत नाहीत किंवा मान सतत एका बाजूला जाते असे पुढे दिसले तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवायला सांगा. तेथे फिजिओथेरपिस्ट पाहतात.

सुरुवात कुठून करावी, असे शेवटी तुम्ही विचारले आहे. कक्षातल्या सगळ्या बाळांपासून नको. सर्वांत लहान बाळ आणि सर्वांत आधी घरी जाणारे बाळ, ही दोन निवडा. पहिल्याला आधार द्यायचा आहे आणि दुसऱ्याचा काढायचा आहे. इन्चार्ज सिस्टरना दोन्ही दाखवा, पहिल्याचा प्रोब कुठे लावायचा हे त्यांनाच विचारा, आणि दुसऱ्याच्या आजीला त्यांच्याच उपस्थितीत समजावून सांगा.